आप्पा 'डिक्रेपिट' नाहीत

वकिलांच्या ज्युनिअरनं अर्जाचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेत मेथी घेत होतो. जुडी काखेत धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथंच उभ्या उभ्या वाचलं. सदर साक्षीदार 'एजिड, फीबल, डिक्रेपिट अँड सीनाइल' असल्यामुळे कोर्टात येऊ शकत नाही, सबब कमिशनर नेमून त्याची साक्ष राहत्या घरी नोंदवावी. साक्षीदार म्हणजे आमचे आप्पा. वय ८६.

मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एका वाक्यात चार विशेषणं ओळीनं दिसली की अजूनही हात खिशातल्या लाल पेनकडे जातो. पेन नव्हतं, मेथी होती.

दावा चुलत घराण्यातल्या वाटणीचा आहे. त्याच्या तपशिलात शिरत नाही, शिरलो तर हा लेख संपायचा नाही. एवढंच सांगतो की १९७२ च्या दुष्काळात थोरल्या मंडळींनी बसून एका कागदावर वाटणी लिहिली आणि खाली साक्षीदार म्हणून पाच जणांनी सह्या केल्या. त्यातले चौघं गेले. पाचवे आप्पा. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, घरात वॉकर घेऊन फिरतात, रिक्षात चढवायचं तर दोन माणसं लागतात. कोर्टाच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत हे खरंच आहे. पण तो कागद लिहिताना कोण कुठं बसलं होतं, शाई कुणाच्या दौतीतली होती, मध्ये चहा किती वेळा झाला, हे सगळं त्यांना विचारा. बसून ऐका मात्र.

मी भाजीवाल्यासमोरूनच फोन लावला. "आधी तो सीनाइल काढा."

"का सर? वय झालंय ना त्यांचं?" पोरगी हुशार आहे, कामसू आहे. चूक तिची एकटीची नाही. आमच्याकडे मागच्या अर्जावरून पुढचा अर्ज तयार होतो, आणि कुठल्या तरी मागच्या अर्जातला म्हातारा खरोखर सीनाइल असणार.

सीनाइल हा शब्द मुळात वाईट नव्हता. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा माणूस, त्याचं ते सीनाइल. त्याच घरातून सिनेट आला, म्हणजे थोरामोठ्यांची सभा. सीनिअर आला. आणि सीनिअरचा 'सायर' होऊन त्याचा 'सर' झाला. म्हणजे तीन दशकं पोरं मला ज्या शब्दानं हाक मारत होती तो आणि हा सख्खे चुलतभाऊ. फरक एवढाच की एकाच्या वाट्याला मान आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला विसरभोळेपणा. आज सीनाइल म्हटलं की वय कुणी मोजत नाही, डोकं गेलंय असंच समजतात.

आणि साक्षीदाराचं डोकं गेलंय असं आपणच लिहून दिलं तर? जुन्या पुरावा कायद्यात कलम ११८ होतं, आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२४ आहे. त्यात म्हटलंय की कुणीही साक्ष देऊ शकतो. मात्र फार कोवळं वय, अति वार्धक्य, शरीराचा किंवा मनाचा आजार अशा कारणानं त्याला प्रश्नच कळत नसतील, किंवा समंजस उत्तर देता येत नसेल, तर नाही. समोरच्या वकिलांनी आमचाच अर्ज कोर्टापुढं धरून म्हटलं असतं, बघा, हे स्वतःच सांगतायत. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदाचा उरलेला एकुलता एक साक्षीदार आम्ही आमच्या हातानं बाद केला असता. एका विशेषणापायी.

"सॉरी सर," ती म्हणाली. "काढते. बाकीचे तीन राहू देत?"

मी म्हटलं, घरी जाऊन सांगतो.

घरी आप्पा भिंग घेऊन पेपर वाचत होते. मी हळूच सांगणार होतो, पण त्यांना हळूच सांगितलेलं आवडत नाही. मोबाईल हातात दिला. आप्पा जुनी अकरावी मॅट्रिक. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ४० वर्षं दिवाणजी होते. परमुलखातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं लिहायचं काम त्यांच्याकडंच होतं, त्यामुळं त्यांचं इंग्रजी सगळं पोती, भाव, रेल्वे पावती आणि तक्रारी यांतून आलेलं. एजिडवर त्यांनी मान डोलावली. फीबलवर थांबले. डिक्रेपिटवर भिंग खाली ठेवलं.

"हे काय?"

"म्हणजे... खूप झिजलेला. मोडकळीला आलेला."

"घराबद्दल म्हणतात ते?"

घराबद्दल म्हणतात हे बरोबर. गावभागातलं आमचं जुनं घर २०१९ च्या पुरात पाण्यात होतं, त्यानंतरच आम्ही आप्पांना घेऊन इकडं आलो. त्या घराला इंग्रजीत डिक्रेपिटही म्हणता येईल आणि डिलॅपिडेटेडही. पण डिलॅपिडेटेडच्या पोटात 'लॅपिस' आहे, म्हणजे दगड. तो शब्द इमारतीचा, माणसाला लावला तर चेष्टा होते. डिक्रेपिट दोघांनाही चालतो, आणि म्हणूनच तो माणसाला जास्त लागतो. त्यात माणसाचा पडका वाडा होतो. फ्रेल, म्हणजे नाजूक झालेला, असं म्हणणाऱ्याच्या मनात थोडी तरी माया असते. डिक्रेपिट म्हणणारा नाक मुरडून लांब उभा असतो.

हे सगळं आप्पांना सांगितलं नाही. शब्दाची व्युत्पत्ती तेवढी सांगितली, मास्तरकीची खोड. म्हटलं, लॅटिनमध्ये 'क्रेपारे' म्हणजे कुरकुरणं, तडकणं, कडकड वाजणं. त्यावरून डिक्रेपिट. ज्याचं सगळं आता वाजायला लागलंय तो. रसायनशास्त्रात मीठ तापवलं की तडतडतं, त्यालाही याच घराण्यातला शब्द आहे. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर होतं ना, तसं.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हळकुंड कसं बघतात माहीत आहे का तुला?"

माहीत होतं, पण ऐकायचं होतं.

"मोडून. दोन बोटांत धरायचं आणि मोडायचं. कडक वाजलं पाहिजे, धातूवर टिचकी मारल्यासारखं. वाजलं म्हणजे आतपर्यंत वाळलंय. न वाजता वाकलं तर समजायचं, ओल आहे, हे पोतं पेवात घातलं की बुरशी धरणार." त्यांनी पाय लांब केला. गुडघा कटकन वाजला, स्वयंपाकघरात बायकोला ऐकू गेला असेल. "हे बघ. माल चांगला वाळलाय. तुझ्या त्या लॅटिनवाल्याला हळद कळत नव्हती."

पेव हा शब्द नव्या पोरांना सांगावा लागतो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खड्डे होते, तोंडाला अरुंद, पोटात प्रशस्त. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडून बघायचं, आप्पा सांगतात. त्यांच्या बोलण्यात हळद शिरली की बाहेर काढणं अवघड. डिक्रेपिट मात्र त्या दिवशी गेला.

राहिला फीबल. हा शब्द मला वर्गात फार उपयोगी पडायचा. गृहपाठ न आणलेल्या पोरांची कारणं फीबल असतात. विजेचा दाब कमी झाला की दिव्याचा उजेड फीबल. विनोद फीबल, प्रयत्न फीबल, टाळ्या फीबल. म्हणजे जोर जिथं असायला हवा होता आणि नाही, तिथं फीबल. वीक नुसता कमी ताकदीचा, फीबल कीव यावी इतका. आणि ही कीव शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन 'फ्लेबिलिस' म्हणजे ज्याच्यासाठी रडावं असा. फ्रेंचांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केला आणि इंग्रजांना दिला, तोपर्यंत रडणं पुसलं गेलं होतं, अशक्तपणा तेवढा राहिला.

याच शब्दाला पुढं 'माइंडेड' जोडून इंग्रजांनी त्याची सरकारी वर्गवारी केली. त्यांच्या १९१३ च्या एका कायद्यात मतिमंद माणसांच्या ज्या पायऱ्या आहेत त्यात 'फीबल-माइंडेड' ही एक पायरी. त्याच यादीतला 'इंबेसाइल' मूळचा शरीरानं दुबळा होता. तोही असाच पायातून डोक्यात चढला. सीनाइलचं तेच. म्हातारपणाचा आणि दुबळेपणाचा शब्द आणला आणि नीट बांधून ठेवला नाही, की तो चढत चढत मेंदूपर्यंत जातो. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात तेव्हा आपणही तेच करतो. मी स्वतः साठी ओलांडलीय, त्यामुळं हल्ली ही म्हण मला यमकासाठी जुळवलेली वाटते.

माणसंसुद्धा तशीच वागतात. गेल्या नोव्हेंबरात आप्पांना हयातीच्या दाखल्यासाठी एका बँकेत नेलं होतं. वॉकर बघितला आणि काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "आजोबांना सही करता येते का?" आजोबा समोर उभे. ज्यांनी हयातभर दुसऱ्याच्या हिशोबातली पै-पैची चूक काढली ते आजोबा. आप्पांनी मान वळवून मला विचारलं, "यांना माझ्याशी बोलता येतं का?"

आता फ्रेल. हा शब्द मसुद्यात नव्हता, पण आप्पांच्या फायलीत आहे. मिरजेच्या डॉक्टरांकडे दर सहा महिन्यांनी जातो, त्यांनी मागच्या खेपेला लिहिलं: 'प्री-फ्रेल'. फ्रेल आणि फ्रॅजाइल हे दोघे एकाच बापाचे. लॅटिन 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणं. फ्रॅजाइल ग्रंथातून थेट आला, म्हणून कोरा. काचसामानाच्या खोक्यावर छापतात तो. फ्रेल फ्रेंचांच्या घरी राहून आला, माणसाळला. कपबशी फ्रॅजाइल, आजी फ्रेल. कपबशी नवी कोरी असली तरी फ्रॅजाइलच. फ्रेल व्हायला मात्र आयुष्य जावं लागतं, नाहीतर मोठं आजारपण. पूर्वी हा शब्द मनाच्या मोहाबद्दलही वापरायचे, चारित्र्य डळमळीत आहे या अर्थानं. डॉक्टरांनी तो उचलला आणि त्याला मापं लावली.

मापं खरोखरच आहेत. २००१ साली लिंडा फ्राइड आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या: प्रयत्न न करता उतरलेलं वजन, सारखा थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद आणि हालचाल कमी. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल. एक-दोन असतील तर प्री-फ्रेल. आप्पांचं वजन वर्षात पाच किलो उतरलंय, चाल मंद आहे. पण डॉक्टरांनी हातात ते दाबायचं यंत्र दिलं तर त्यांनी असं दाबलं की डॉक्टर हसले. सुतळीनं पोत्यांची तोंडं आवळलेला हात तो.

परत येताना आप्पांनी विचारलं, "ते प्री म्हणजे काय लिहिलंय?" मी जरा विचार केला. म्हटलं, "आयर्विन पुलाला चाळीस फूट पाणी."

त्यांना तिथल्या तिथं कळलं. सांगलीकराला कळणारच. ऑगस्टात आम्ही एकमेकांना नमस्कार घालत नाही, "पुलाला किती फूट?" म्हणून विचारतो. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका. चाळीसला कुणी घर सोडत नाही. पण गाद्या माळ्यावर जातात, कागदपत्रं पिशवीत जातात, गाडी वर नेऊन लावतात.

"मग कोयनेतनं किती सोडलंय बघत राहायचं," आप्पा म्हणाले.

वीक शब्दाचं मी इथं काही सांगत नाही, कारण तो आता इंग्रजी राहिलेलाच नाही. "विकनेस आलाय" हे शुद्ध सांगली-मिरजेचं मराठी आहे. हा विकनेस म्हातारपणाचा नसतो, कुठूनतरी येतो आणि एक सलाईन लावलं की जातो. बाटलीत मीठपाणी नाहीतर ग्लुकोज, पण बाटली टांगलेली दिसली पाहिजे, तरच जातो. आमच्या शेजारच्या मावशी वर्षातनं दोनदा विकनेस काढून येतात आणि टवटवीत दिसतात.

तर सीनाइल गेला, डिक्रेपिट गेला, फीबलवर मी काट मारली. एजिड, म्हणजे वयस्कर, तेवढा ठेवला. याचा उच्चार करताना पोरं हमखास चुकायची. माणसाला म्हणताना 'एजिड', दोन अक्षरं सावकाश. चीजला, दारूला म्हणताना 'एज्ड', एका दमात. म्हणजे माणूस एजिड होतो आणि चीज एज्ड. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो, त्या तांदळाचं वय एका दमात सांगायचं. आप्पांचं सावकाश.

आणि गंमत अशी, की कायद्याला जो शब्द हवा होता तो त्या चार विशेषणांत नव्हताच. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश २६ मधला पहिलाच नियम सांगतो की आजारपणामुळं किंवा 'इन्फर्मिटी'मुळं कोर्टात येऊ न शकणाऱ्या माणसाची साक्ष कमिशनवर घेता येते. इन्फर्मिटी. बस. फौजदारीत जामिनाच्या तरतुदीतही 'सिक ऑर इन्फर्म' अशीच जोडी आहे. पोरीनं चार शब्द घातले, पाचवा राहिला, आणि दार त्याच्या किल्लीनं उघडणार होतं.

इन्फर्म मला आवडतो. 'फर्म' नाही तो इन्फर्म, पक्का नाही, एवढंच. तो माणसाबद्दल मत देत नाही. काय होत नाही तेवढं सांगतो: चढवत नाही, उभं राहवत नाही, लांब जाववत नाही. त्यात वयसुद्धा सक्तीचं नाही. तिशीतला माणूस अपघातानं इन्फर्म होऊ शकतो आणि नव्वदीतला एखादा काठीशिवाय गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातो. आप्पांना सांगितलं तसं. ते म्हणाले, "चालेल. पण मला विचारशील तर आमच्या धंद्यातला शब्द लिही. एफ.ए.क्यू."

फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. बाजारात मध्यम, सर्वसाधारण प्रतीच्या मालाला म्हणतात ते. उत्तम नाही, टाकाऊ नाही, भाव मिळेल असा.

हे सगळं इंग्रजीत एवढं दळण, आणि आपण मराठीत काय म्हणतो? "आप्पा थकलेत आता." कोण भेटलं तरी हेच. कुठला अवयव, किती टक्के, डोकं का पाय, काही नाही. थकलेत. जणू सकाळपासून काम करून आत्ताच ओट्यावर येऊन बसलेत. इंग्रजीत टायर्ड माणूस झोपून उठला की ताजा होतो; आपला थकलेला म्हातारा झोपून उठला तरी थकलेलाच असतो, आणि तरी शब्दात कुठं अपमान नाही. माझ्या आत्याकडं, तासगावच्या बाजूला, आणखी एक आहे. तिथं म्हातारा म्हणत नाहीत, म्हातारं म्हणतात. "म्हातारं लई खमकं हाय." पोर, वासरू, म्हातारं, सगळी नपुंसकलिंगी. मायेनं म्हटलं तर त्या एका अनुस्वारात मांडीवर घेतल्यासारखं वाटतं, आणि नको झालं असेल तर त्याच अनुस्वारात माणसाची वस्तू होते. आत्या दोन्ही सुरांत म्हणते, सुनेशी कसं चाललंय त्यावर.

अर्ज मंजूर झाला. गेल्या महिन्यात कमिशनर आले, एक तरुण वकील, लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन. दोन्ही बाजूंचे वकील, आमचे चुलतभाऊ, सगळे हॉलमध्ये. बायकोनं भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना सारखेच पोहे दिले. समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न असा ओरडून विचारला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"वकीलसाहेब," आप्पा म्हणाले, "अधू पाय आहेत. कान नव्हे."

दोन तास उलटतपासणी चालली. चहा किती वेळा झाला हे त्यांनी खरंच विचारलं आणि आप्पांनी खरंच सांगितलं: दोनदा, दुसऱ्यांदा गुळाचा, साखर संपली होती. शेवटी जबानीच्या पानांची प्रिंट काढून सहीसाठी पुढं ठेवली. आप्पांनी भिंग मागवलं. वाचून झाल्याशिवाय सही करायची नाही, ही दुकानातली सवय. सगळे घड्याळाकडे बघत बसले. पहिल्याच पानावर, अगदी वरच, त्यांचं बोट थांबलं.

'वय: ८६ वर्षे. धंदा: काही नाही.'

"हे चुकलंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता कमिशनरकडे हात पुढं केला, पेनसाठी.